वाढलेल्या अंतराचं भाडं

मे महिन्यात शाळांना सुट्टी लागते, तशी न्यायालयांनाही लागते. ज्यांचा संसार एकत्र आहे त्यांना या योगायोगाचं काही वाटणार नाही. पण आई एका घरात आणि वडील दुसऱ्या घरात अशी ज्या मुलांची विभागणी झाली आहे, त्यांच्याकडे फेब्रुवारीपासूनच वकिलांना फोन सुरू होतात. मुलीला सुट्टीत मालवणला न्यायचं आहे, मावशीकडे दुबईला न्यायचं आहे, किंवा नुसतंच तीन दिवस महाबळेश्वरला. समोरचा हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. मग अर्ज, अर्जावर समोरच्याचं म्हणणं दाखल करायला मुदत, मग पुढची तारीख. ती एप्रिलच्या अखेरीस पडली आणि नेमके त्या दिवशी न्यायाधीश रजेवर असले की सुट्टी गेली. सुट्टीतल्या न्यायालयात तातडीची कामं चालतात हे खरं, पण आजीकडे आंबे खायला जाणं तातडीचं आहे हे पटवणार कसं? जूनमध्ये प्रकरण पुकारलं जातं तोवर मुलगी नव्या वर्गात बसलेली असते आणि अर्जात काही राम उरलेला नसतो.

मुलांचा ताबा, भेटी, पोटगी यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं. विभक्त आईबापांचं मूल प्रवासाला कसं जाणार आणि त्यांच्यापैकी एकाने घर हलवलं तर काय, यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही. बोललंच तर अमेरिकेहून मुलाला घेऊन परत आलेल्या आईची बातमी, किंवा परदेशी न्यायालयाचा आदेश हातात घेऊन इथे आलेल्या वडिलांची. ठाणे आणि नवी मुंबईत राहणाऱ्यांचा रोजचा प्रश्न त्याहून बराच जवळचा आहे. हा पट्टाच मुळी घर बदललेल्या माणसांचा. कोणी परळ-गिरगावातून आलं, कोणी कोकणातून, कोणी घाटावरून. इथल्या मुलाला सोसायटी एक असते आणि गावं दोन. त्यामुळे प्रवास ही इथे चैन नव्हे. गणपतीत गावी गेलं नाही तर त्या मुलाचं अर्धं कूळ त्याला फक्त फोटोत दिसतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. प्रवासासाठी परवानगी मागायची रीत बंद व्हावी, लेखी पूर्वसूचना पुरे. घर बदलायचं असेल तर मात्र नुसती सूचना पुरत नाही. तिथे जो अंतर वाढवतो त्यानेच त्या अंतराचं भाडं भरावं, मग ती आई असो की बाप. आणि भाडं म्हणताना मी फक्त तिकिटाच्या पैशांबद्दल बोलत नाही.

आधी प्रवासाचं पाहू, कारण ते त्या मानाने सोपं आहे. परवानगी अडवून धरणाऱ्या माणसाला आपण सरसकट दुष्ट ठरवतो. दर वेळी तसं नसतं. त्याच्या मनात एकच भीती असते: परत आणलंच नाही तर? या भीतीला आधार आहे. एका पालकाने परस्पर दुसऱ्या देशात नेलेलं मूल मूळ देशात लवकर परत यावं यासाठी १९८०चा हेग करार आहे. भारताने त्यावर सही केलेली नाही. विधी आयोगाने २०१६ मध्ये २६३ व्या अहवालात यावर विधेयकाचा मसुदा सुचवला, २०१८ मध्ये न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या समितीनेही अहवाल दिला, पण कायदा झाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नित्या आनंद राघवन प्रकरणात सांगितलं की परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घ्यायच्या अनेक गोष्टींपैकी एक, निर्णायक मात्र मुलाचं हित. तत्त्व म्हणून हे बरोबरच आहे. व्यवहारात त्याचा अर्थ असा की सीमा ओलांडलेलं मूल परत मिळवणं हे वर्षानुवर्षांचं काम होऊन बसतं. करारात नसल्यामुळे भारतातून बाहेर नेलेल्या मुलासाठीही तो सोपा रस्ता आपल्याला बंदच. तेव्हा न्यू जर्सीला निघालेल्या मुलाच्या बापाची झोप उडत असेल तर ती उगाच उडत नाही.

गडबड होते ती ही परदेशाची भीती मालवणला लावल्यामुळे. राहतं घर बेलापूरला, शाळा बेलापूरला, आईची नोकरी ऐरोलीला, जायचं चार दिवस आणि परतीचं तिकीट काढलेलं, अशा ठिकाणी पळवून नेण्याची भीती हे निव्वळ निमित्त असतं. मग समोरच्याचं ना-हरकत पत्र, म्हणजे एनओसी, हा पोटगीच्या थकबाकीचा तगादा होतो, फ्लॅटच्या वाटणीतलं हत्यार होतो. पलीकडूनही तेच. वडिलांना मुलाला गावच्या जत्रेला न्यायचं असतं आणि आईकडून उत्तर येतं, 'आधी शाळेची फी भर.' फी भरायलाच हवी, त्यात वाद नाही. पण जत्रेचा आणि फीचा संबंध मुलाला समजावून कोण सांगणार?

पासपोर्टचं प्रकरण तर याहून मजेशीर. परराष्ट्र मंत्रालयाने २०१६ च्या डिसेंबरमध्ये नियम सैल केले आणि अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचंच नाव चालू लागलं. एका पालकाची सही मिळत नसेल तर दुसऱ्याला 'अनेक्शर सी' नावाचं घोषणापत्र देऊन अर्ज करता येतो. अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट सहसा पाच वर्षांचा असतो, म्हणजे हा सोहळा मूल मोठं होईपर्यंत पुन्हापुन्हा करायचा. वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्रात असा अर्ज घेऊन उभी असलेली एखादी आई पाहिली की कळतं, नियम सैल झाला म्हणून काउंटरवरचा माणूस सैल होत नाही. तो एकदा कागदाकडे पाहतो, एकदा मुलाकडे, आणि विचारतो, "वडील का नाही आले?" मूल शेजारीच उभं असतं. आणि एवढं करून मिळालेला पासपोर्ट एकाच्या कपाटात कुलूपबंद राहिला की सगळी मेहनत वाया. पुढे शेंगेनचा व्हिसा काढायचा तर सोबत न जाणाऱ्या पालकाचं संमतीपत्र लागतंच. म्हणजे पुन्हा नोटरी, पुन्हा मुद्रांक, पुन्हा मनधरणी.

इंग्लंडच्या १९८९ च्या बालक कायद्यात यावर एक साधी तोड आहे. मूल ज्याच्याकडे राहील असा न्यायालयाचा आदेश आहे, त्याला एक महिन्यापेक्षा कमी काळासाठी मुलाला देशाबाहेर न्यायला दुसऱ्याची संमती लागत नाही. ज्याला आक्षेप असेल त्याने न्यायालयात जावं. जाणाऱ्याने वाट पाहत बसायचं नाही. मला यातला कालावधी महत्त्वाचा वाटत नाही. ओझं कोणाच्या डोक्यावर ठेवलं, ते महत्त्वाचं. आपल्याकडे जाणारा अर्ज करतो आणि अडवणारा गप्प बसतो. गप्प बसायला काही खर्च येत नाही आणि तारखा आपोआप त्याच्या बाजूने पडत जातात.

देशातल्या प्रवासासाठी पंधरा दिवस आणि परदेशासाठी दोन महिने आधी लेखी कळवावं: जायची-यायची तिकिटं, राहण्याचा पत्ता, सोबत कोण, रोज फोन किती वाजता. ज्याची हरकत असेल त्याने ठरावीक दिवसांत कारणासह कळवावी, नाहीतर हरकत नाही असं धरलं जावं. परदेशाच्या बाबतीत हमीपत्र घ्या, परत आल्यावर पासपोर्ट न्यायालयात जमा करायला लावा, अनामत ठेवायला सांगा. न्यायालयं आजही योग्य वाटलं तिथे अशा अटी घालतात. नवं काही शोधून काढायचं नाही, फक्त ते आधीच लिहून ठेवायचं आहे.

आता घर बदलण्याकडे वळू. गुंता खरा इथे आहे.

फ्लोरिडा राज्याच्या कायद्यात मुख्य राहतं घर ५० मैल किंवा त्याहून जास्त दूर, सलग ६० दिवस किंवा त्याहून जास्त काळ हलवणं याला स्थलांतर धरतात. सुट्टीसाठी तात्पुरतं बाहेर जाणं त्यात येत नाही, आणि हा भेद आपणही उचलावा इतका चांगला आहे. पण ५० मैल म्हणजे ८० किलोमीटर. तिकडे हमरस्त्याने तासाभराचं काम. आपल्याकडे कासारवडवलीहून संध्याकाळी सहाला निघालेल्या माणसाला ठाणे स्टेशन गाठायला किती वेळ लागेल ते घोडबंदर रोडवर राहणाऱ्या कोणालाही विचारा. गायमुखला एखादा कंटेनर बंद पडला असेल तर विचारूही नका. इथलं अंतर घड्याळात मोजतात.

आपला कायदा अंतर मोजतो ते जिल्ह्यांच्या हद्दीत. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यात कलम ९ प्रमाणे मूल सामान्यतः जिथे राहतं तिथल्या न्यायालयाला अधिकार, आणि कलम २६ प्रमाणे न्यायालयाने नेमलेल्या पालकाने मुलाला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर परवानगीशिवाय हलवायचं नाही. १८९० साली हे शहाणपणाचंच होतं. आज नकाशा समोर धरून पाहा. ऐरोलीहून मुलाला घेऊन कोणी थेट कसाऱ्याला राहायला गेलं, तरी जिल्हा ठाणेच. बेलापूरहून पुढच्याच स्टेशनावर, खारघरला, फ्लॅट भाड्याने घेतला तर जिल्हा रायगड. पहिल्या प्रकारात मुलाचं सगळं आयुष्य बदललं आणि हद्द तीच. दुसऱ्यात मूल तीच शाळा चालू ठेवू शकतं आणि हद्द मात्र ओलांडली गेली. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या हद्दींना लोकलचं वेळापत्रक ठाऊक असावं अशी अपेक्षा नाही, पण आज आदेश लिहिणाऱ्यांना ते ठाऊक असायला हवं.

बरं, घर का हलतं? फ्लॅट विकून पैसे वाटून घेतले की दोघांनाही त्याच भागात तसंच घर परवडत नाही. मग भाडं कमी असलेल्या तळोज्याकडे, उलव्याकडे, बदलापूरकडे पावलं वळतात. मूल बहुतेक वेळा आईकडे असतं आणि आईला मूल सांभाळून नोकरी करायची तर माहेर जवळ लागतं. शाळा सुटल्यावर तीन ते सात मुलाला पाहणारं कोणीतरी हवं ना! पाळणाघराचे महिन्याचे पैसे आणि आजी, या दोन्हींची तुलना करायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. अशा आईला 'घोडबंदर सोडायचं नाही' म्हणून सांगणं म्हणजे घटस्फोट देऊन तिला तिथेच खुंटीला बांधून ठेवणं झालं.

आपल्या न्यायालयांनी हे बऱ्याचदा ओळखलं आहे. विक्रम वीर व्होरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये आईला मुलाला घेऊन ऑस्ट्रेलियाला जाऊ दिलं. ताब्याचे आदेश कायमचे दगडावर कोरलेले नसतात, परिस्थितीप्रमाणे ते बदलता येतात, हेही त्याच निकालात आहे. २०२० मध्ये रितिका शरण प्रकरणात बेंगळुरूहून सिंगापूरला बदली झालेल्या आईला मूल सोबत नेण्याची मुभा मिळाली. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्यातल्या एका इंजिनीअर आईला मुलीसह पोलंडला जायला परवानगी दिली. तिथल्या नोकरीची संधी तिला नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि वडिलांच्या भेटींची सोय करून दिली. हे निकाल मला पटतात. बाईचं करिअर आणि मुलाचं हित जणू एकमेकांचे वैरीच आहेत, असं गृहीत धरून आपण फार वर्षं काढली.

पण या निकालांच्या दुसऱ्या बाजूला कोणीतरी बाप आहे, आणि त्याच्या वाट्याला पडद्यावरचा मुलगा येतो. यशिता साहू प्रकरणात, २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ज्याच्याकडे ताबा नाही त्याला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यायला हवं. चांगलं आहे. पण दुसरीतल्या मुलाशी व्हिडिओ कॉलवर रोज दहा मिनिटं काय बोलायचं, हे ज्याने करून पाहिलं त्यालाच माहीत. "जेवलास का?" "हो." "काय जेवलास?" "पोळीभाजी." मग मूल फोन उलटा धरतं आणि पंखा दिसत राहतो.

माझ्या ओळखीतल्या एका घराचं सांगतो. घटस्फोट परस्पर संमतीने झाला, भांडणतंटा नाही. वडील वाघबीळला, आई मानपाड्याला, मधे रिक्षाने दहा मिनिटं. ठरलं असं की एकाआड एक शनिवार-रविवार वडिलांकडे आणि दर बुधवारी संध्याकाळी सहा ते आठ. बुधवारी पोहण्याचा क्लास असायचा. वडील ऑफिसातून थेट तिथे जायचे, मग दोघं वडापाव खायचे आणि आठला आईच्या दाराशी. पुढे आई खारघरला गेली, तिच्या आईवडिलांजवळ. कारण चोख होतं, कोणालाही पटावं असं. आदेशातला शनिवार-रविवार तसाच राहिला. बुधवार कोणी रद्द केला नाही, तो आपोआपच गेला.

आता मुलाची देवघेव ठाणे स्टेशनात होते, ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर. एका शनिवारी मी त्या वडिलांसोबत होतो. गाडी आली, आई आणि मुलगा उतरले. मुलाच्या पाठीवर शाळेचं दप्तर, हातात कपड्यांची पिशवी, गळ्यात पाण्याची बाटली. वडिलांनी दप्तर उघडून पाहिलं.

"मराठीची वही?"

"राहिली बाबा."

"सोमवारी तपासायला द्यायची आहे ना?"

आई म्हणाली, "प्रश्नांचे फोटो पाठवते. कोऱ्या कागदावर लिहून घे त्याच्याकडून."

आवाज कोणाचाच चढला नाही. दोघंही शहाणी माणसं आहेत. मूल गाडीत झोपलेलं होतं, त्याच्या गालावर खिडकीच्या गजाची खूण उमटली होती. तिथून वाघबीळला पोहोचेपर्यंत दुपार झाली, जेवून पुन्हा झोपलं. रविवारी चार वाजल्यापासून परतीची घाई. शनिवारी सकाळी खारघरला फुटबॉलचा सराव असतो, तो दर पंधरा दिवसांनी बुडतो आणि प्रशिक्षक त्याला सामन्यात घेत नाहीत. या सगळ्यात आईने घर बदललं, तिचा अर्धा तास वाचला. वडिलांनी काही बदललं नाही, त्यांना फक्त स्टेशनापर्यंत यावं लागतं. उरलेला सगळा प्रवास मुलाने उचलला. दोन मोठ्या माणसांतल्या अंतराचं भाडं तिसरीतलं पोर भरतंय, आणि हे कोणाच्या लक्षातही आलेलं नाही, कारण आदेश तंतोतंत पाळला जातो आहे.

आईने जायलाच नको होतं असं मी म्हणत नाही. जाताना तिने एक आराखडा द्यायला हवा होता: बुधवार गेला, तर त्याऐवजी काय? महिन्यातून एक जास्तीचा रविवार, की दिवाळीच्या सुट्टीतला मोठा वाटा? सरावाच्या शनिवारी मुलाने ठाण्याला यायचं की वडिलांनी खारघरला येऊन मैदानाच्या कडेला बसायचं? कधी वडील तिकडे आले तर ते थांबतील कुठे? आजीआजोबांच्या घरात माजी जावयाला चहा मिळेल की गेटवरूनच परत? हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. बापलेकाचं नातं असल्याच प्रश्नांवर टिकतं किंवा सुटतं.

आणि आता उलट बाजू, जिच्याबद्दल चकार शब्द कोणी काढत नाही. ज्याच्याकडे मूल आहे तिने घर हलवलं तर हरकत, अर्ज, परवानगी. ज्याच्याकडे मूल नाही त्याने हलवलं तर? वडील कंपनीने पाठवलं म्हणून बेंगळुरूला गेले, दुबईला तीन वर्षांचं काम घेतलं. मुलाच्या दृष्टीने अंतर तेवढंच वाढलं, किंबहुना जास्तच. कोणी त्यांना विचारतं का? उलट 'मुलासाठीच कमावतोय' म्हणून कौतुक होतं. भेटींचा आदेश कागदावर तसाच राहतो, आई दर शनिवारी मूल तयार ठेवते, आणि मग मुलाला सांगते, बाबांची मीटिंग आहे. न भेटण्याची किंमत बापाला शून्य, मुलाला पूर्ण. म्हणून माझा नियम ताबा कोणाकडे आहे ते पाहत नाही. अंतर कोणी वाढवलं, एवढंच पाहतो. दुबईला गेलेल्या बापाने दर तीन महिन्यांनी स्वतः यावं, आल्यावर मुलाच्या शाळेजवळ राहावं, मुलाला हॉटेलात बोलावू नये. बदलापूरला गेलेल्या आईने मूल आणून सोडावं आणि गेलेल्या संध्याकाळींची भरपाई सुचवावी.

यावर पहिली हरकत पैशांची येईल आणि ती रास्त आहे. माहेरी गेलेली आई बहुधा नाइलाजाने गेलेली असते, तिच्यावर तिकिटांचा बोजा का? नसावाच. ज्याची मिळकत जास्त त्याने प्रवासखर्चाचा मोठा हिस्सा द्यावा, पोटगीच्या हिशेबात तो वेगळा धरावा. पण वेळ, आखणी आणि सोबत जाणं हे मात्र अंतर वाढवणाऱ्याकडे. आठ-दहा वर्षांच्या मुलाला एकट्याने गाडीत बसवून 'उतरून घ्या' असा मेसेज टाकणं, हे मी पाहिलेलं आहे. त्याला सोय म्हणायची नाही.

दुसरी हरकत अधिक गंभीर. जिथे मारहाण आहे, धमक्या आहेत, तिथे पूर्वसूचना देणं म्हणजे पत्ता देणं. अशा ठिकाणी सूचना समोरच्याला देण्याची सक्ती नकोच, ती न्यायालयाला द्यावी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम २१ प्रमाणे तात्पुरता ताबा मागता येतो, संरक्षणाचे आदेश मिळतात. अपवाद असलाच पाहिजे आणि तो ठळक असला पाहिजे. पण अपवाद आहे म्हणून नियमच नको, हे मला मान्य नाही. नियम नसला की काय होतं ते आपण पाहतोच. एक दिवस शाळेतून फोन येतो की मुलाचा दाखला काढून नेला आहे. धावतपळत पोलीस ठाण्यात जावं तर तिथे ऐकायला मिळतं, 'घरगुती मामला आहे, कोर्टात जा.' पोलिसांचंही सर्वस्वी चुकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये म्हटलं की न्यायालयाचा मनाई आदेश नसताना बापाने स्वतःच्या मुलाला नेलं म्हणून त्याच्यावर अपहरणाचा गुन्हा होत नाही. उरतो तो बंदीप्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे मुलाला न्यायालयासमोर हजर करायला लावण्याचा अर्ज, थेट उच्च न्यायालयात. सामान्य नोकरदाराला तो खर्च आणि ती धावपळ झेपत नाही, आणि झेपली तरी तोवर मूल नव्या शाळेत रुळलेलं असतं. मग न्यायालय विचारतं, आता त्याला पुन्हा का हलवायचं? परस्पर नेणाऱ्याचं फावतं ते असं. आधी कळवणारा सरळ माणूस अर्जांत अडकतो, न कळवता निघून जाणारा जिंकतो. पूर्वसूचना न देता घर हलवणं ही गोष्ट ताब्याचा निर्णय करताना नेणाऱ्याच्या विरोधात धरली जावी, एवढं झालं तरी पुष्कळ होईल.

मुलाला विचारायचं की नाही? कायदा सांगतो, समज आलेल्या मुलाची पसंती न्यायालयाने विचारात घ्यावी. घ्यावीच. पण 'कोणाकडे राहायचं?' हा प्रश्न घरी विचारूच नये. त्याने मूल साक्षीदार होतं. शनिवारचा सराव ठेवायचा की नाही, गणपतीत आधी कोणाच्या गावी जायचं, हे विचारा. त्याची उत्तरं मुलांकडे तयार असतात.

हे सगळं लिहायची जागा कोणती? कायदा बदलेल तेव्हा बदलेल. विधी आयोगाने २०१५ मध्ये २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली, तीही कागदावरच आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एका मुलाबाबत जानेवारी ते जून वडिलांकडे आणि जुलै ते डिसेंबर आईकडे अशी वाटणी करून दिली होती. दोघं एकाच शहरात असतील तोवरच अशी वाटणी चालते, हे सांगायला न्यायाधीश लागत नाही. जागा आहे ती कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी सह्या करून न्यायालयात द्यायच्या तडजोडीच्या अटींमध्ये. परस्पर संमतीच्या घटस्फोटात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ बी खाली सहा महिने थांबायचा काळ असतो. २०१७ पासून योग्य प्रकरणात न्यायालय तो माफही करू शकतं. त्या काळात फ्लॅट कोणाचा, कर्जाचा हप्ता कोणाचा, दागिने कोणाकडे, गाडी कोणाच्या नावावर, यावर पानंच्या पानं लिहिली जातात. मुलाच्या वाट्याला तीन ओळी येतात: ताबा आईकडे, वडिलांना भेटीचा वाजवी हक्क, सुट्ट्या निम्म्या-निम्म्या. 'वाजवी' म्हणजे काय आणि कोणाच्या सुट्ट्या? राज्य मंडळाची शाळा जूनमध्ये उघडते, सीबीएसईचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, दिवाळीच्या सुट्टीच्या तारखाही जुळत नाहीत.

वकील सांगतात, हा विषय आत्ता काढला तर सह्याच होणार नाहीत. असेल तसं. पण त्या वेळी दोघंही निदान एका टेबलाशी बसलेले असतात, आणि कोणाचीच बॅग भरलेली नसते. बदलीचं पत्र हातात पडल्यावर, नव्या घराचं डिपॉझिट भरून झाल्यावर हा विषय काढला तर तो वाद होणारच.

कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशकांकडे दोघांनाही बसावं लागतं. त्यांनी तिथेच दोन प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरं टर्म्सना जोडावीत. तुमच्यापैकी कोणीही घर बदललं आणि मुलाचा एका बाजूचा प्रवास तासापेक्षा जास्त झाला, तर तीन महिने आधी कसं कळवणार, आणि गेलेल्या भेटींच्या बदल्यात काय देणार? मुलाचा पासपोर्ट कोणाकडे राहील, आणि मागितल्यावर किती दिवसांत हातात मिळेल? सोबत दर जूनमध्ये शाळेच्या सुट्ट्यांचा तक्ता दोघांनी सही करून एकमेकांना द्यावा, गणपती आणि मे महिना यांच्या तारखांसकट. हे टाइप करायला अर्धं पान लागेल.